बोडी फुटते कशी, टिकते कशी

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर-नागपूरच्या काही भागांत, बोडीशिवाय शेतीचा विचार करणं अवघड आहे. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, पावसाचं वाहून जाणारं पाणी तिच्यामागे अडवायचं आणि धान निसवायला आलं असताना पावसाने दडी मारली की ते खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेततुकड्यांत, सोडायचं. याच जातीचे मोठे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीचे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चं बोलण्यात ‘मामा तलाव’ झालं. शेतातल्या लहान बोड्या मात्र बऱ्याच ठिकाणी अजूनही खासगी आहेत, कधी भावाभावांत वाटल्या गेलेल्या.

अशी बोडी ज्याच्या नावावर आहे तो मातीच्या धरणाचा मालक आहे. पण हे त्याला कुणी सांगत नाही. देशाचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणं लांबी, साठा अशा निकषांत बसली तरच त्यात येतात. तीन-चार मीटरच्या पाळीकडे कायद्याने कुणी तपासनीस येत नाही. अभियंताही मालकच आणि चौकीदारही मालकच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान धरण म्हातारपणाने मरत नाही. त्याला मारते ती कुणीतरी कधीतरी केलेली छोटीशी सोय: सांडव्यावर ठेवलेल्या दोन गोण्या, पाळ कापून टाकलेला पाइप, सावलीसाठी लावलेलं झाड. धरणाचं काम नीट कळलं तर या सोयी किती महागात पडतात ते आपोआप कळतं.

पाण्याचा दाब किती असतो, इथून सुरुवात करू. बोडी किती पसरलेली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. दाब फक्त खोलीवर ठरतो. एक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन, तीन मीटरला तीन टन. पाळ हा दाब स्वतःच्या वजनाने आणि जमिनीशी असलेल्या घर्षणाने सहज पेलते. मातीचा ढीग पाण्याने सरकत नाही. पण माती कणाकणांनी बनलेली असते आणि वाहतं पाणी एकेक कण उचलून नेऊ शकतं. मातीच्या धरणाची सगळी दुखणी इथे आहेत: पाणी वरून गेलं, आतून गेलं किंवा पाळ भिजून तिचा उतारच घसरला.

फुटल्यावर काय होतं ते मात्र नुसत्या खोलीवर नाही, साठ्यावरही ठरतं. एक हेक्टर पसारा आणि सरासरी दीड मीटर पाणी धरलं तरी दीड कोटी लिटर होतं, म्हणजे १५,००० टन. ते काही मिनिटांत ओढ्यात उतरलं तर खालच्या बांध्यांचे धुरे (बांध) राहत नाहीत, आणि ओढ्याकाठी घर असेल तर ते घरही राहत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ केली बार्न्स नावाचं खासगी मातीचं धरण होतं, उंची १२ मीटरच्या आसपास. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, अंधारातच, ते फुटलं. खाली एका कॉलेजचा परिसर होता. ३९ माणसं गेली.

सांडवा

सांडवा म्हणजे बोडी भरल्यावर जादा पाणी निघून जाण्याची वाट. दगडी असो, मुरमात कापलेली असो, पाळीच्या टोकाला असो की बाजूच्या टेकाडात, ती पाळीच्या माथ्यापेक्षा खाली असते. या दोन उंचींमधल्या अंतरात पुराला सामावून घेण्याची जागा असते. ही जागा रिकामी दिसते, आणि मोह तिथेच होतो. ‘एवढं पाणी वाहून जातंय, एक फूट अडवलं तर उन्हाळी धानाला होईल.’ मग गोण्या येतात, फळ्या येतात, कधी सिमेंटची वीतभर भिंत येते.

हिशेब करून पाहू. रुंद सांडव्यावरून जाणारं पाणी साधारण असं काढतात: १.७ गुणिले सांडव्याची रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात, सगळं मीटरमध्ये. सांडवा ३ मीटर रुंद आणि माथ्यापर्यंत ६० सेंटीमीटर जागा असेल, तर पाणी माथ्याला टेकेपर्यंत सेकंदाला सुमारे २.४ घनमीटर, म्हणजे २,४०० लिटर निघून जाऊ शकतं. आता ३० सेंटीमीटरच्या गोण्या ठेवा. उंची निम्मी राहिली, पण निचरा निम्मा राहत नाही, तो ०.८४ घनमीटरवर येतो. तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर.

बोडीला २० हेक्टरचा येवा आहे, म्हणजे तेवढ्या जमिनीवरचं पाणी तिच्यात येतं, असं धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे नवलाचा नाही, आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर बोडीत सेकंदाला सरासरी १.४ घनमीटर पाणी उतरतं. बोडी आधीच काठोकाठ आहे आणि पसारा एक हेक्टर. गोण्या नसतील तर तासाच्या शेवटी सांडव्यावर जेमतेम एक-सव्वा फूट पाणी असेल, वर वीतभराहून जास्त जागा शिल्लक. गोण्या असतील तर तोच पाऊस साधारण पाऊण तासाने पाळीच्या माथ्यावरून वाहायला लागेल. त्यात हा पाऊस रात्री दोनला पडतोय आणि गोण्या काढायला कुणी नाही.

माथ्यावरून पाणी जाताना पाळ पाण्याकडून झिजत नाही. ती मागच्या, म्हणजे कोरड्या बाजूच्या पायथ्याशी झिजायला लागते, कारण उतरताना पाण्याला तिथे वेग येतो. तिथे पायरीसारखा कडा पडतो, तो खालून वर आणि मागून पुढे सरकत येतो, आणि माथा कापला गेला की मग थांबवण्यासारखं काही उरत नाही. हरळीचं घट्ट आच्छादन असलेली पाळ थोडा वेळ तग धरते, उघडी पाळ तेवढाही नाही.

सांडव्यावर दुसरं संकट माशांचं. बोडीत बीज सोडलं की पुरात मासे निघून जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात. जाळीला आधी पालापाचोळा अडकतो, मग काटक्या, मग जाळीची भिंत होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण एका श्रीमंत क्लबने घेतलं होतं. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. माथ्यावरून बग्गी नीट जावी म्हणून माथा थोडा उतरवला. पाणी खाली सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते परत बसवले नाहीत. ३१ मे १८८९ ला मोठ्या पावसात ते फुटलं आणि जॉन्सटाउन शहरात २,२०९ माणसं मेली. ते धरण २२ मीटर उंच होतं, आपल्या बोडीशी त्याची तुलना नाही. पण तिथल्या तिन्ही चुका मी बोड्यांवर बघितलेल्या आहेत, फक्त बग्गीच्या जागी ट्रॅक्टर असतो. हवाईमधल्या कौआई बेटावरचं का लोको हे खासगी धरण १४ मार्च २००६ ला फुटून सात जण गेले, त्याच्या चौकशीत तर सांडवाच बुजवलेला निघाला.

जाळी लावायचीच असेल तर सांडव्याच्या तोंडावर नको. आत, शांत पाण्यात, लांबलचक कमानीत लावा, म्हणजे कचरा अडकला तरी पाण्याला वाट राहते. आणि जोराच्या पावसाचा इशारा आला की ती उचलायची. चार मासे गेले तर गेले.

पाझर

मातीची प्रत्येक पाळ पाझरते. एकदम कोरडी पाळ म्हणजे बोडीत पाणी नाही. पायथ्याशी ओल असणं, थोडं पाणी निथळणं हा दोष नाही. बघायचं ते पाण्याचा रंग आणि ते वाढतंय का, हे.

नितळ पाझर म्हणजे पाणी येतंय पण माती जागेवर आहे. गढूळ पाझर म्हणजे पाळ आतून वाहून चालली आहे. एक कण निघाला की मागे पोकळी होते, पोकळीत पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी कण निघतात. अशी नळी पायथ्यापासून मागे मागे, पाण्याच्या दिशेने खोदली जाते. बाहेरून पाळ ठीक दिसत असते. नळी पाण्यापर्यंत पोचली की तासांचा प्रश्न राहतो. शंका आली तर काचेच्या बाटलीत पाझराचं पाणी भरा आणि तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर उत्तर मिळालं.

मोजमापासाठी महागडं काही लागत नाही. पाझर एका छोट्या चरातून एकत्र आणा, तुकड्यातल्या पाइपमधून पाडा आणि एक लिटरचा डबा भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. बोडीत खांब रोवून त्यावर रंगाने पाणीपातळीच्या खुणा करा. वहीत तारीख, पातळी, सेकंद. त्याच पातळीला गेल्या वर्षी चाळीस सेकंद लागत होते आणि यंदा पंधराच लागतात, तर पाळीत काहीतरी बदललं आहे.

पायथ्याशी जमिनीतून पाणी बुडबुडत वर येतंय आणि भोवती बारीक वाळूचं कडं बसलंय असं दिसलं तर ते सगळ्यात वाईट लक्षण. इथे हात आपोआप चुकीच्या कामाला जातो: चिकण माती आणून भोक बुजवायचं. पाण्याचं तोंड बंद केलं की आतला दाब वाढतो आणि पाणी दोन हात पलीकडून जास्त जोराने निघतं. करायचं ते उलटं. पाण्याला येऊ द्यायचं, मातीला अडवायचं. आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर मोठी गिट्टी. पाणी या थरांतून निघून जातं, कण वाळूत अडकतात, आणि वजनाने जमीन उचलली जात नाही. मृदाशास्त्राचा पाया घालणारे कार्ल टर्झागी यांनी या थरांमधल्या कणांच्या आकाराचं गणित बसवून दिलं, आणि मोठ्या धरणांच्या पोटातले गाळणथर आजही त्याच तत्त्वावर असतात. वाळू नसेल तर बुडबुड्याभोवती गोण्यांचं कडं उभं करा आणि त्यात पाणी साचू द्या. साचलेल्या पाण्याचा उलटा दाब वेग कमी करतो. कडं इतकंच उंच करायचं की पाणी नितळ यायला लागेल.

हे दोन्ही तात्पुरते उपाय आहेत. खरी दुरुस्ती उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, आणि ती पाण्याकडच्या बाजूने करायची. चिकण माती तिथे कामाची.

आता पाइप. जुन्या बोडीत पाणी सोडायची सोय नसते किंवा मोडलेली असते, म्हणून एखाद्या उन्हाळ्यात जेसीबीने पाळ कापून सिमेंटचा पाइप टाकतात आणि माती परत लोटतात. बोडीच्या आयुष्यातला हा सगळ्यात धोक्याचा दिवस. पाइपच्या पोटाखाली, दोन्ही अंगांना, माती ठोकायला हात पोचत नाही आणि नेमकी तिथे सैल जागा राहते. पाणी पाइपातून जायच्या ऐवजी पाइपच्या बाहेरून, त्याला धरून जातं. पाइप टाकायचाच तर कापाच्या भिंती उभ्या न ठेवता तिरप्या करा, म्हणजे नवी माती जुनीवर दाबून बसेल. माती वीतभर जाडीच्या थरांत घाला आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. मुठीत दाबली तर लाडू होईल पण हाताला पाणी लागणार नाही, इतकीच ओल हवी. आणि पाइपच्या खालच्या, बाहेरच्या टोकाकडे भोवताली वाळूचा जाड थर द्या, म्हणजे पाझर आला तरी मातीशिवाय येईल. जेसीबीच्या बकेटने वरून थोपटणं म्हणजे ठोकणं नव्हे, हे ऑपरेटरला कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगा.

झाडं, घुशी, खेकडे

पाळीवरचं झाड दोनदा मारतं. जिवंत असताना वादळात उन्मळून पडलं तर मुळांसकट पाळीचा घास घेऊन जातं. मेल्यावर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी आरपार बोगदे उरतात. त्यामुळे मोठं झाड नुसतं कापून काम संपत नाही. पाणी उतरल्यावर बुंधा आणि जाड मुळं खणून खड्डा थराथराने ठोकून भरावा लागतो. मनगटाएवढं होण्याआधीच रोप उपटणं याच्या शंभरपट स्वस्त. बेशरमी या पाण्याकाठी माजणाऱ्या झुडपाबद्दल वेगळं सांगायला हवं: तिच्या झाडीमागे पाळच दिसत नाही, आणि जी पाळ दिसत नाही तिची भेग, बीळ, पाझर काहीच दिसत नाही. पाळीवर हरळी हवी, आणि ती पावसाळ्याआधी कापलेली हवी.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरलं असं त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं आणि महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. थट्टा योग्यच होती, कारण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पण खेकडे, घुशी आणि साळिंदर पाळ पोखरतात हे मात्र खोटं नाही. बीळ पाण्याच्या बाजूने आणि मागच्या बाजूने दोन्हीकडून असेल तर मधली उरलेली माती हीच तुमची पाळ. बीळ दिसलं की मोसम संपायची वाट न बघता उकरून, ओली माती ठोकून बुजवायचं. खेकडा दोषी नसतो, बीळ वर्षानुवर्षं तसंच राहू देणारा असतो.

काळ्या कन्हार मातीच्या पाळींना उन्हाळ्यात भेगा पडतात. पाळीच्या लांबीला आडव्या, म्हणजे पाण्याकडून मागे जाणाऱ्या भेगा जास्त घातक, पहिल्या पुराचं पाणी सरळ त्यांतून जातं. लांबीला समांतर, कमानीसारखी वळलेली भेग दिसली आणि तिची एक बाजू खचलेली असेल, तर तो उतार घसरणीला लागला आहे. भेगांत वरून सैल माती ओतू नका. रुंद उकरा, ओलवा, ठोकून भरा.

गाळ

गाळ काढायचा उत्साह २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे वाढला आहे. गाळ काढणं चांगलंच, पण पाळीच्या आतल्या पायथ्याला लागून खणू नका. तिथे वर्षानुवर्षं बसलेला बारीक गाळ पाळीखालचा पाझर अडवत असतो. तो खरवडून खालचा मुरूम उघडा पडला की पाणी पाळीखालून वाट काढतं. शिवाय पायथा खोल झाला की पाळीचा उतार आपोआप उभा होतो. मधून खणा, पाळीपासून तिच्या उंचीच्या निदान तीन-चार पट लांब. मागच्या बाजूला पायथ्याची माती ‘थोडीशी’ नेणाऱ्यांनाही हेच लागू.

मालकाची जबाबदारी

पाणी साठवणाऱ्याच्या जबाबदारीचा दाखला इंग्लंडचा दिला जातो. एका गिरणीमालकाच्या तळ्याचं पाणी जुन्या खाणीच्या खड्ड्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, आणि १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की हलगर्जीपणा नसला तरी भरपाई मालकानेच द्यायची. भारतात मात्र १८७४ मध्ये वेगळा निकाल लागला. दक्षिणेतल्या कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव मोठ्या पावसात फुटून मद्रास रेल्वेचं नुकसान झालं होतं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, म्हटलं की इथे तलाव राखणं ही जमीनदाराची परंपरेने आलेली, लोकांच्या गरजेची जबाबदारी आहे. तेव्हा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय तो भरपाईला बांधील नाही. आज तुमच्या प्रकरणात कोर्ट काय म्हणेल ते वकिलाला विचारा, पण प्रश्न हलगर्जीपणाचा आला तर वर सांगितलेली वही उपयोगी पडते. गोण्यांचा फोटोही उपयोगी पडतो, समोरच्याला.

आणि फुटायच्या बेतात असेल तर? बोडीवरचं पहिलं काम पाणी उतरवणं: पाइप पूर्ण उघडा, गोण्या आणि जाळी काढा, मोटरपंप लावा, जाड नळीने पाळीवरून सायफन करा. धोका टळल्यावर मात्र घाई नको. पातळी फार झपाट्याने उतरली तर पाण्याकडचा भिजलेला उतार आधार जाऊन ढासळतो. मधोमध पाळ फोडून पाणी सोडायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. अगदीच नाइलाज झाला तर वाट काढायची ती पाळीच्या टोकापलीकडे, जिथे जमीन मूळची आणि कडक मुरमाची आहे. पायथ्याशी बुडबुडे फुटत असतील तर पाळीवर गर्दी करू नका आणि ट्रॅक्टर तर अजिबात चढवू नका.

हे करायच्या आधी एक फोन. बोडीखालच्या ओढ्याकाठी कोणाकोणाची घरं, गोठे आणि पंपघरं आहेत त्यांचे नंबर उन्हाळ्यातच लिहून ठेवलेले असावेत, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाच्या नंबरांसकट. यादी घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, कारण बोडी फुटायची वेळ आली तेव्हा मालक लग्नाला नागपूरला गेलेला असू शकतो.